मामाला काय विचारलं

कागदावर फुल्या वाढत होत्या आणि मामा गप्प बसून होते. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातली तळमजल्यावरची खोली, एसीचा गारठा, भिंतीपलीकडून येणारी यंत्राची ठकठक. समोर बसलेली पोरगी पंचविशीची असेल. तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता, पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी काढलेली चित्रं. "बाबा, हे काय आहे?" मामा कार्ड हातात घ्यायचे, लांब धरायचे, उलटं करून पाहायचे, मग माझ्याकडं पाहायचे. एका कार्डावर बर्फाचा माणूस होता. एकावर इस्त्रीचा टेबल. ते जाऊ द्या, पण एकावर साधं कुलूप होतं, एकावर कंगवा, आणि तिथंही मामांच्या तोंडून शब्द निघेना. ती पोरगी वाट पाहायची, घड्याळाकडं नजर टाकायची आणि हळूच फुली मारायची. मला बसवेना. आदल्या रात्री याच मामांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात वाशीमकडच्या एका अनोळखी माणसाला बैलजोडी कशी पारखायची ते झोप येईस्तोवर सांगितलं होतं. दात, खूर, वशिंड, चाल, सगळं. मामांचा शब्द कुठं अडला नव्हता, आणि कागद सांगत होता की त्यांना कुलूप ओळखता येत नाही.

हे सगळं सुरू झालं डवरणीच्या दिवसांत. मामांचं वावर मारेगाव तालुक्यात. काळी जमीन, पऱ्हाटी, मधून मधून तुरीची ओळ. एका डवऱ्यावर मामा, दुसऱ्यावर कोलाम पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतले, त्यांचे जोडीदार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. दोघांनी लहानपणी एकत्र ढोरं चारली, पुढं एकमेकांच्या वावरात राबले. त्या सकाळी मामा बैलांना हाकता हाकता मधेच थांबले. बैलं चालतच राहिली. काकांनी मागं वळून पाहिलं तर मामांचं तोंड उजव्या अंगाला ओढलं जात होतं. डोळे उघडे, शुद्ध जागेवर, आवाज मात्र गेलेला. दोनेक मिनिटांनी आवाज आला तेव्हा म्हणाले, "सांगाचं होतं ना, पन निंगेच ना तोंडातून." मग असं वारंवार व्हायला लागलं. गावात कुणी मिरगी म्हटलं, कुणी उतारा टाकायला सांगितला. यवतमाळला एक तपासणी, तिथून नागपूरला एमआरआय, आणि निदान झालं: मेंदूच्या डाव्या भागात, कपाळाच्या मागं, हळूहळू वाढणारी गाठ. सर्जन म्हणाले, काढता येईल, पण आधी यांचं बोलणं मेंदूत कुठं कुठं आहे ते पाहून घ्यावं लागेल. मामींनी पदर सावरत विचारलं, "डाक्टर साहेब, बोलनं कुठं रायते, थे दिसते काय?"

मामींचा हा प्रश्न शास्त्राला दीडशे वर्षांपासून पडलेला आहे.

त्या दिवसांत मी रात्री व्हरांड्यात बसून मोबाइलवर मिळेल ते वाचत होते. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात लेबोर्न नावाचा माणूस एकवीस वर्षं राहिला. त्याच्या तोंडून एकच आवाज निघायचा, "तां". काही विचारा, उत्तर "तां, तां". त्याला बोललेलं कळायचं, हातवारे करून तो सांगायचा, आणि समोरच्याला कळलं नाही की चिडायचा. चिडला की मात्र एक शिवी स्पष्ट निघायची. १८६१ साली तो शेवटच्या दुखण्यात पॉल ब्रोका या सर्जनकडं आला आणि काही दिवसांत गेला. ब्रोकानं त्याचा मेंदू उघडून पाहिला. डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा होती, आणि तेव्हापासून ती जागा ब्रोकाच्या नावानं ओळखली जाते. पुढं १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या तरुण डॉक्टरनं दुसरी जागा दाखवली, डाव्या कानाच्या वर-मागं. तिथं इजा झालेली माणसं भराभर बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना उमगत नाही. लेबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवला होता. २००७ मध्ये त्याचाच एमआरआय काढल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा दिसलं की इजा वरवरची नव्हती. भाषेच्या जागा एकमेकींना जोडणाऱ्या आतल्या तंतूंपर्यंत ती गेली होती. एकवीस वर्षं एका अक्षरावर काढलेल्या माणसाचा पत्ता सगळ्या वैद्यकानं भाषेचा पत्ता म्हणून लिहून घेतला, आणि तो पत्ता अर्धाच होता. हे वाचलं तेव्हा बाजूच्या बाकड्यावर मामा घोरत होते. मला त्या लेबोर्नचीच फार दया आली. "तुमच्या मनात काय आहे" हे त्याला कुणी कधी नीट विचारलं असेल का?

ब्रोकाच्या काळी माणूस गेल्यावरच मेंदू पाहता यायचा. नंतर माँट्रियालमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी रुग्णाला जागं ठेवून, उघड्या मेंदूला विजेचा बारीक स्पर्श करून, बोलणं कुठं अडतं ते शोधलं. १९४९ मध्ये जुन वाडा या जपानी डॉक्टरनं मानेच्या धमनीतून औषध सोडून मेंदूचा अर्धा भाग काही मिनिटं निजवण्याची रीत मांडली. निजवलेल्या बाजूसोबत बोलणं गेलं, तर भाषा त्या बाजूला. आता कवटीला हातही न लावता नकाशा काढतात, त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. यंत्राला शब्द दिसत नाहीत, विचारही दिसत नाहीत. त्याला रक्त दिसतं. ऑक्सिजन देऊन टाकलेलं रक्त चुंबकीय क्षेत्रात थोडी गडबड करतं, ऑक्सिजन असलेलं करत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये या फरकावरून मेंदूचं चित्र काढता येतं हे दाखवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं, तेही पाच-सहा सेकंद उशिरानं, आणि तेवढ्यानं चित्रात किंचित उजेड वाढतो. मामांना हे कसं सांगावं? मी म्हटलं, "मामा, ओलित करताना दांडातलं पाणी कोणत्या सरीकडं वळलं ते लांबून दिसतं ना, पीक दिसलं नाही तरी? तसं हे यंत्र पाणी पाहून सांगते, कोणत्या सरीत काम चालू आहे." मामांनी विचार केला. म्हणाले, "अन् मधातच दांड फुटला असंल त?"

माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं.

ती पोरगी मात्र मनानं फार चांगली होती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. दिवसभर एकामागून एक पेशंट, त्यात तिचं जेवण राहिलेलं, तरी तिला त्या फुल्यांचं समाधान होत नव्हतं. तिनं कार्ड बाजूला सारले, "थांबा जरा" म्हणाली, आणि स्वतःची पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, चाव्यांचा जुडगा, लॉकरचं छोटं कुलूप, डब्यातला चमचा, डोक्याला लावायचं तेल. मामांचे खांदे सैल झालेले मला दिसले. त्यांनी कंगवा उचलला, दात्यांवरून अंगठा फिरवला. "फनी." जुडगा वाजवून पाहिला. "किल्ल्या." कुलूप तळहातावर तोललं. "कुलूप हाय, पन कामाचं नाई. एका गोट्यात तुटते." बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. "खोबऱ्याचं. बदामाचं म्हनून इकतेत, पन हाय खोबऱ्याचंच." पोरगी हसायला लागली. मग एकदम गंभीर झाली आणि तिनं तो फुल्यांचा कागद काढून नवा कोरा कागद घेतला.

तिनंच मला सांगितलं की हे आधीच माहीत असलेलं आहे. पोर्तुगालमध्ये कधी शाळेत न गेलेल्या बायांना खऱ्या वस्तू दिल्या तर त्या शिकलेल्या बायांसारखीच पटापट नावं सांगत. त्याच वस्तूंची रेघांची चित्रं दाखवली की मागं पडत. ते संशोधन २००१ मध्ये छापून आलं. कागदावरच्या चार रेघांना कुलूप म्हणायचं, हे डोळ्यांना शाळा शिकवते. मामा दुसरीतून ढोरांमागं गेले ते गेलेच. तरी जगभर वापरात असलेला एक चित्रसंच १९८० पासून चालत आलेला आहे, स्नॉडग्रास आणि व्हँडरवर्ट यांचा, २६० रेखाचित्रांचा. बर्फाचा माणूस तिथलाच. बोस्टनची एक प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्या साठ चित्रांमध्ये इग्लू आहे, बीव्हर नावाचा प्राणी आहे. त्या त्या देशात ती ठीकच असणार. पण आमच्या माणसाची गाठ भाषेच्या जागेत शिरली आहे की नाही, हे इग्लूवरून कसं कळावं? वाचण्यानं मेंदू किती बदलतो तेही लोकांनी पाहून ठेवलं आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना, त्यात बहुतेक बायाच, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूची चित्रं काढली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरता नव्हता, खोल आतल्या भागांच्या आपसातल्या जुळणीपर्यंत पोचला होता. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. आमच्या शाळेत पोडावरची लेकरं येतात. भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं की ती पहिले काही महिने नुसती पाहत राहतात. तीच लेकरं शाळेमागच्या नाल्यात खेकड्याचं बिळ कोणतं अन् सापाचं कोणतं हे मला धावत येऊन सांगतात. तक्त्यासमोरच्या त्या गप्पपणाला आपण फार लवकर नाव देतो, हे मी इतकी वर्षं पाहत आले आहे.

यंत्रात धातूची वस्तू नेता येत नाही. बोलताही येत नाही, कारण बोललं की डोकं हलतं आणि चित्र बिघडतं. उत्तर मनातल्या मनात द्यायचं. तेव्हा पोरगी म्हणाली, चित्रं सोडून देऊ, कानातून प्रश्न विचारू, एका शब्दाचं उत्तर येईल असे, आणि मामांच्या बोलीत. ते रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडं आलं. जिन्याखाली, त्यातल्या त्यात शांत जागी, मी मोबाइल तोंडाशी धरून बोलायला लागले. "बंडीले काय जुपतेत?" "जवारीचं पीठ मळून काय थापतेत?" "पोयाले कोनाले सजवतेत?" मामी बाजूला बसून ऐकत होत्या. तिसऱ्या प्रश्नालाच म्हणाल्या, "बाई, हे त पोट्ट्याइले विचाराचे प्रश्न झाले. त्याईले विचार ना, रातच्याले वावर कोन खाते? जागलीले कायच्यावर चढून बसतेत?" मग मामीच सांगत गेल्या आणि मी बोलत गेले. रोही, मचान, बोरी, सरकी, चुकारा, सावकार. माझ्या हातून अशी यादी जन्मात झाली नसती. त्या घराचं सगळं वर्ष त्या प्रश्नांत होतं. प्रश्नांच्या अर्ध्या मिनिटानंतर अर्धं मिनिट तोच आवाज उलटा वाजवायचा, असं पोरगीनं ठरवलं. म्हणजे कानाला आवाज मिळतो पण अर्थ मिळत नाही, आणि दोन्हींच्या फरकातून भाषेपुरतं उरतं. माझा उलटा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ओळखीचा गळा आणि एक अक्षर कळत नाही. वेर्निकेच्या रुग्णांना सगळी माणसं अशीच ऐकू येत असतील का, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला.

मामा बाहेर आले तेव्हा घामेजलेले होते. पहिलं वाक्य, "तू मधात मधात उलटं कायले बोलत होतीस वं?"

नकाशा सर्जननी आम्हाला पडद्यावर दाखवला. करड्या मेंदूवर पिवळे-नारिंगी डाग. डावीकडं पुढं एक, डाव्या कानामागं एक लांबट, उजवीकडं फिकट काहीतरी. मामी हात जोडायच्या बेतात होत्या. सर्जननी माऊसनं एक पट्टी सरकवली, तसे डाग पसरले. उलट सरकवली, तसे आकसले. कितीच्या वरचा फरक खरा मानायचा, तो आकडा माणूस ठरवतो, असं त्यांनी समजावलं. आणि गाठीच्या काठाला जिथं रंग नव्हता तिथं बोट ठेवून म्हणाले, इथं काही नाही असं समजू नका. गाठीजवळच्या रक्तवाहिन्या नीट साथ देत नाहीत. भाग काम करत असतो पण रक्त वाढत नाही, म्हणून रंग येत नाही. मामांनी माझ्याकडं पाहिलं. दांड फुटलेला होता. सर्जन पुढं म्हणाले, जिथं रंग आहे तो भाग कामात हजर आहे एवढंच कळतं, त्याच्यावाचून काम अडेलच असं नाही. म्हणून शस्त्रक्रियेत यांना जागं ठेवू. कातडी बधिर करू, मेंदूला स्वतःला दुखत नाही. इतकं महाग यंत्र, आणि शेवटी माणसाला विचारावंच लागतं. मला त्यानं भीतीही वाटली आणि धीरही आला.

जागेपणी दाखवायला आम्ही कार्डांऐवजी फोटो दिले. मामेभावानं घरभर फिरून मोबाइलवर काढले: विळा, घमेलं, उखळ, बैलजोडी, तुळशीजवळ उभ्या मामी. एका जागी विजेचा स्पर्श झाला तेव्हा विळ्याचा फोटो समोर होता. मामा "हे... हे..." करत राहिले, हातानं कापायची खूण केली, शब्द आला नाही. स्पर्श काढल्याबरोबर "इया!" म्हणाले, तेही मोठ्यानं. हे त्या पोरगीनं नंतर सांगितलं. त्या जागेजवळची गाठ सर्जननी तशीच ठेवली. बाकीची निघाली.

दिवाळीपर्यंत मामा बोलायला लागले. संध्याकाळी थकले की शब्द शोधावा लागतो, पण बोलतात, भांडतात, चुकाऱ्याचा हिशेब तोंडी करतात. त्या दवाखान्यातल्या माणसांचे उपकार आमचं घर विसरणार नाही. आणि तरी एक गोष्ट मनातून जात नाही. मामांना पाहायला काका आले. ओट्यावर बसले आणि नेहमीसारखे कोलामीत बोलायला लागले. ती दोघांची वावरातली, ढोरांमागची भाषा, मामांच्या तोंडात मराठीइतकीच रुळलेली. मामांना सगळं कळत होतं, हसायच्या जागी ते हसत होते. उत्तर मात्र मराठीत देत होते. काकांनी पुन्हा काही विचारलं, मामांनी तोंड उघडलं, थांबले, आणि पुन्हा मराठीतच बोलले. जाताना काका मला फाटकाजवळ म्हणाले, "बाई, तुह्या मामानं माह्याशी कधी असं पावन्यासारखं बोलनं केलं नाई."

शस्त्रक्रियेनं कोलामी गेली, असं मी म्हणणार नाही. मिरगीच्या गोळ्यांची सुस्ती असेल, सूज असेल, थकवा असेल. दोन भाषांची माणसं आजारातून उठली की कधी एक भाषा आधी परतते आणि दुसरी मागून, हे पित्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९५ मध्येच नोंदवलं होतं. पण १९७८ मध्ये ओजमन आणि व्हिटेकर यांनी द्विभाषिक रुग्णांच्या उघड्या मेंदूवर हेही पाहिलं होतं की काही ठिकाणी स्पर्श केला तर एक भाषा अडते आणि दुसरी सुरळीत चालते. म्हणजे एका भाषेत विचारून काढलेला नकाशा दुसरीचा असेलच असं नाही. मामांच्या फॉर्मवर "भाषा" या शब्दापुढं एक ओळ होती आणि तिथं "मराठी" लिहिलेलं होतं. कोलामी द्राविडी कुळातली, आपल्या वऱ्हाडीपासून पार वेगळी. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास. मामा त्यातही नाहीत, कारण त्यांची ती मातृभाषा नव्हे, मैत्रीतून आलेली भाषा आहे. अशा भाषेचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो. यवतमाळ, चंद्रपूर, मेळघाट, गडचिरोलीतून रोज किती माणसं नागपूरच्या बसमध्ये चढतात, ज्यांच्या डोक्यात गोंडी आणि मराठी, कोरकू आणि हिंदी शेजारी शेजारी नांदतात. त्यांना खोलीत घेतल्यावर पहिला प्रश्न हा असावा की, बाबा, तुम्ही कोणाशी काय बोलता? हे विचारायला यंत्र लागत नाही. जास्तीची दहा मिनिटं लागतात आणि सोबत आलेल्या माणसाला आत बसू द्यावं लागतं.

राहिलेली गाठ दर काही महिन्यांनी तपासायची आहे. वाढली तर पुन्हा नकाशा, पुन्हा जागेपणीची शस्त्रक्रिया. त्या पोरगीला मी फोन करून कोलामीचं सांगितलं. ती म्हणाली, प्रश्न तयार करून ठेवा, मी सरांशी बोलते. म्हणून हल्ली रविवारी काका आणि मी मामांच्या ओट्यावर बसतो. मामा खाटेवरून ऐकतात, मधेच एखादं उत्तर फेकतात, कधी मराठीत, क्वचित कोलामीत. मी मामींच्या यादीवरूनच सुरुवात केली होती, बंडीला काय जुपतात वगैरे. काकांनी दोन-चार प्रश्न कोलामीत बोलून दिले आणि थांबले. म्हणाले, "बाई, हे खोटं हाय. आमी वावरात असं बोलतच नोतो." मग कसं बोलत होता, मी विचारलं. काकांनी मामांकडं पाहिलं, मामांनी काकांकडं, आणि दोघंही हसायला लागले. बैलाला दिलेल्या शिव्या, पाटलाच्या मागं त्याला ठेवलेलं नाव, तिसऱ्याला कळू नये म्हणून बोलायच्या गोष्टी, सगळं कोलामीत. "थेच विचारा लागंल याले," काका म्हणाले. मग त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि मला घरात जायला सांगितलं, कारण त्यातलं अर्धं बाईमाणसापुढं बोलण्यासारखं नव्हतं.